बिअरच्या बाटलीतला पाऊस

२१ जून १९५२, शनिवार. कोपनहेगनमध्ये पावसानं ठाण मांडलं होतं. विली डान्सगार्ड या एकोणतीस वर्षांच्या शास्त्रज्ञानं बिअरची रिकामी बाटली शोधली, तिच्या तोंडात नरसाळं खोचलं आणि ती बागेतल्या हिरवळीवर ठेवून दिली. विद्यापीठाच्या जैवभौतिकी प्रयोगशाळेत त्याच्या हाताशी मास स्पेक्ट्रोमीटर होता, म्हणजे अणूंमधला वजनाचा फरक पकडणारं यंत्र. आधी पडलेला पाऊस आणि नंतर पडलेला पाऊस यांत काही फरक असतो का, एवढंच त्याला बघायचं होतं.

फरक निघाला.

पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन १६ वस्तुमानाचा असतो. साधारण पाचशे अणूंमागे एखादा १८चा, जडसा. जड पाण्याची वाफ कमी होते आणि ढगातून खाली पडायची घाई मात्र त्यालाच जास्त. त्यामुळे ढग थंड प्रदेशाकडे सरकत जातो, तसतसं जड पाणी वाटेतच गळून जातं. जितकी थंडी कडक, तितका पडणारा पाऊस किंवा बर्फ हलका. थोडक्यात, प्रत्येक थेंब आपल्या जन्मवेळचं तापमान सोबत घेऊन येतो.

डान्सगार्डनं १९४७-४८मध्ये ग्रीनलंडमधल्या चुंबकीय वेधशाळेत काम केलं होतं. तिथं हजारो वर्षांचा बर्फ थरावर थर साचून पडलेला आहे, हे त्यानं पाहिलं होतं. पावसात जर तापमानाची नोंद असेल, तर या थरांत जुन्या हवामानाचं अख्खं दप्तरच असणार! १९५४च्या शोधनिबंधात त्यानं हा विचार मांडला. पण इतक्या खोलवरचा बर्फ काढणार कोण?

ते काम अमेरिकी लष्करानं केलं, अर्थात स्वतःच्या कारणांसाठी. शीतयुद्धाच्या काळात वायव्य ग्रीनलंडमध्ये बर्फाच्या पोटात बोगदे खोदून ‘कॅम्प सेंचुरी’ हा तळ उभारला गेला. त्यात अणुभट्टीसुद्धा होती. तिथं बर्फात पाडलेलं छिद्र १९६६मध्ये सुमारे १,३९० मीटर खोलीवर तळाच्या खडकाला टेकलं. वर आलेल्या बर्फाच्या दंडगोलाची तपासणी करण्याची तयारी डान्सगार्डनं दाखवली आणि अमेरिकी संशोधक चेस्टर लँगवे यांनी ती मान्य केली. १९६९मध्ये दोघांनी सहकाऱ्यांसह सुमारे एक लाख वर्षांचा आलेख छापला.

त्या आलेखात हिमयुग तर होतंच. पण मध्येच उभ्या चढणीही होत्या. एकाच ठिकाणचा पुरावा, तेव्हा शंका राहिली. पुढं ग्रीनलंडमधल्याच ‘डाय ३’ इथला बर्फ १९८१मध्ये तळापर्यंत हाती आला, १९९२मध्ये ग्रीनलंडच्या माथ्यावरचा ३,०२९ मीटरचा. चढणी तिथंही त्याच. हिमयुगातही ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत ८ ते १६ अंशांनी चढलं होतं, आणि तेही वीसहून अधिक वेळा. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ हान्स ओश्गर यांच्यासह आज या घटनांना डान्सगार्डचं नाव आहे.

मग आपल्याकडच्या पावसाचं काय? १९६१पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जगभर पावसाचे नमुने जमवायला सुरुवात केली. त्या केंद्रांत मुंबईही होती. या आकड्यांवरून १९६४मध्ये डान्सगार्डनं दाखवलं की उष्ण कटिबंधात तापमानापेक्षा पावसाचं प्रमाण महत्त्वाचं. पाऊस जितका जोराचा, तितकं पाणी हलकं. थंड देशांसाठी जो तापमापक होता, तो आपल्या मुलखात पर्जन्यमापक ठरला.

हे पाणी गुहेच्या छतातून ठिबकतं, तेव्हा त्यातला चुना जमिनीवर साचत स्तंभ वाढतो आणि पावसाची नोंद त्या दगडात उतरते. मेघालयात सोहरा, म्हणजे चेरापुंजीजवळच्या मॉम्लूह गुहेतल्या अशाच एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून क्षीण झाल्याची खूण सापडली. २०१८मध्ये भूशास्त्रज्ञांनी हिमयुगानंतरच्या काळाचे अधिकृतपणे तीन भाग पाडले. पहिल्या दोन भागांच्या सुरुवातीची खूण ग्रीनलंडच्या बर्फात आहे. तिसऱ्याची, आपण जगतो आहोत त्या काळाची, मॉम्लूहच्या दगडात. त्या काळाचं अधिकृत नाव आहे ‘मेघालयन’.