बंद मीटर आणि अंदाजाचं बिल : एका जुन्या वादाचा इतिहास



‘मापात पाप’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पायलीने ज्वारी मोजताना माप शिगेचं की सपाट, यावर आपण हक्काने बोलतो. दुकानदाराने काटा मारला तर आपल्या डोळ्यांना दिसतं. डेअरीवर दूध घालताना आपली नजर मापावरच असते. वीज मात्र दिसत नाही आणि हातात धरता येत नाही. तिचं माप एकच, भिंतीवरचं मीटर. ते मीटरच बंद पडलं तर घरात वीज किती आली हे कोणी ठरवायचं? विकणाऱ्याने की घेणाऱ्याने?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न वरचेवर निघतो. मीटर बंद, तरी बिल सुरूच, आणि तेही नेहमीपेक्षा मोठं. बायका म्हणतात, “कंपनीने लावलं म्हणजे भरावंच लागणार.” पण या प्रश्नावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद झालेत, कायदे झालेत, कोर्टाचे निकाल लागलेत. त्यातून काही मर्यादा ठरल्या आहेत. त्या कशा ठरल्या, ते आज सांगते.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागते. ४ सप्टेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसनच्या कंपनीने तिथल्या पर्ल स्ट्रीटवरच्या केंद्रातून घराघरांत वीज द्यायला सुरुवात केली. वीज विकायची तर मोजायला हवी. एडिसनने जे मीटर वापरलं, त्यात काटा नव्हता आणि आकडेही नव्हते. काचेच्या भांड्यात जस्ताचं एक द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसऱ्या पट्टीवर जाऊन बसायचं. महिन्याने कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा, कंपनीत त्यांचं वजन व्हायचं आणि त्यावरून बिल निघायचं.

म्हणजे मापही कंपनीचं, तराजूही कंपनीचा आणि वजन करणारा माणूसही कंपनीचा. गिऱ्हाइकाने फक्त पैसे मोजायचे. लोकांचा त्यावर विश्वास बसेना, यात नवल नाही. अंदाजाचं बिल हातात आल्यावर आपल्याला जे वाटतं, तेच त्यांना वाटत होतं.

यातून वाट काढली ती फिरत्या चकतीच्या मीटरने. १८८९ मध्ये हंगेरीचे इंजिनिअर ओटो ब्लाथी यांनी असं मीटर बनवलं. पहिली मीटरं लाकडी पाटावर बसवलेली आणि तब्बल २३ किलो वजनाची होती. पण त्यांत एक मोठी गोष्ट होती. आकडा समोर दिसत होता. वीज वापरली की ॲल्युमिनियमची चकती फिरणार आणि आकडा पुढे सरकणार. कंपनीचा माणूस जो आकडा वाचणार, तोच घरातली बाईही वाचू शकणार. आपल्याकडे कालपरवापर्यंत असलेली काळी मीटरं याच घराण्यातली. आता चकतीच्या जागी छोटा लाल दिवा लुकलुकतो, पण काम तेच. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. शंभर वॅटचा बल्ब दहा तास जळला तरी एकच युनिट.

आता आपल्या देशात येऊ. इंग्रजांच्या काळात १९१० साली भारतीय वीज कायदा झाला. तेव्हा वीज काही शहरांपुरतीच होती. खोपोलीचं टाटांचं वीज केंद्रसुद्धा १९१५ चं, आणि तिथली वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना. पण या कायद्याच्या कलम २६ मध्ये मीटरचा विचार होता. वीज बरोबर चालणाऱ्या मीटरनेच मोजायची, आणि कंपनीचं मीटर असेल तर ते बरोबर ठेवण्याची जबाबदारी कंपनीची. मीटर बरोबर की चूक असा वाद झाला, तर निर्णय कंपनीने द्यायचा नाही. तो विद्युत निरीक्षकाने द्यायचा, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्या बाहेरच्या सरकारी अधिकाऱ्याने. मीटर चुकीचं ठरलं, तर त्या काळातल्या वापराचा अंदाजही त्यानेच बांधायचा. त्या अंदाजालाही या कलमात सहा महिन्यांची मर्यादा होती. त्याच्या मागे जायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर वीज हळूहळू गावाकडे आली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ सुरू झालं. १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेतून गरीब घरांत एकेक दिवा लागला. वीज आली तसे बिलाचे वादही आले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस असाच एक वाद सुप्रीम कोर्टात पोचला. वाद मध्य प्रदेशातला होता आणि ग्राहक एक बाई होत्या. मीटरमध्ये बिघाड होता म्हणून तिथल्या वीज मंडळाने त्यांना मागच्या काळाचं जादा बिल लावलं. कोर्टाने सांगितलं, मीटर चूक की बरोबर हे मंडळाने एकट्याने ठरवायचं नाही, ते काम विद्युत निरीक्षकाचं आहे. म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच न्यायाधीश होऊन बसायचं नाही.

तरी एक फट राहिलीच होती. मीटर चुकीचं चालणं वेगळं आणि पूर्ण बंद पडणं वेगळं. २००५ साली मुंबईतल्या एका वादात सुप्रीम कोर्टाने हा फरक स्पष्ट केला. जळलेलं किंवा पूर्ण बंद मीटर काहीच मोजत नाही, तेव्हा ते असून नसल्यासारखंच. जुन्या कलमातली निरीक्षकाची तरतूद चालू पण चुकीच्या मीटरसाठी होती. मग बंद मीटरचं काय?

याचं उत्तर महाराष्ट्रात त्याच वर्षी आलं. त्याआधी, १० जून २००३ पासून, देशात नवा विद्युत कायदा लागू झाला होता. त्याखाली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने जानेवारी २००५ मध्ये वीज पुरवठा संहिता काढली. वीज कंपनीने ग्राहकाशी कसं वागायचं, त्याचे नियम तिच्यात आहेत. बंद मीटरचा नियम असा : मीटर जितका काळ बंद, तितक्या काळाचं बिल सरासरीने लावता येईल, पण जास्तीत जास्त तीन महिन्यांचं. आणि ही सरासरी मनाने धरायची नाही. त्या तीन महिन्यांच्या आधीच्या बारा महिन्यांत मीटरने प्रत्यक्ष मोजलेल्या वापरावरून ती काढायची. २०२१ मध्ये नवी संहिता आली, तिनेही तीन महिन्यांची मर्यादा ठेवली.

आता हिशोब करून पाहू. समजा, एका घरात मीटर नीट चालू असताना बारा महिन्यांत ७२० युनिट वापरले गेले. म्हणजे महिन्याला सरासरी ६०. मग मीटर नऊ महिने बंद राहिलं. कंपनीने दर महिन्याला १२० युनिट धरून १,०८० युनिटांचं बिल लावलं. नियमाने किती होतात? ६० गुणिले ३, म्हणजे १८० युनिट. फरक ९०० युनिटांचा. पाच-सहा हजार रुपये रोखीने भरण्यासाठी गटातून कर्ज उचलणाऱ्या बाईला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नियमात शब्द आहे तो ‘मोजलेल्या’ वापराचा. म्हणून जुन्या बिलांत आधीच सरासरी लावली असेल, तर त्या आकड्यांची पुन्हा सरासरी काढणं बरोबर नाही. दुसरं, आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे जास्त. तीन महिन्यांचे युनिट एकाच महिन्यात घातले, तर ते वरच्या दरात जातात. युनिट महिन्यांत विभागून हिशोब करा, अशी मागणी अर्जात लिहा.

घराला कुलूप असल्यामुळे लागलेलं अंदाजाचं बिल वेगळं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेली घरं उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात मीटर चालू असतं, फक्त वाचणाऱ्याला दिसत नाही. अशा वेळी संहितेप्रमाणे अंदाजाचं बिल निघतं, पण पुढचं खरं रीडिंग मिळालं की भरलेले पैसे त्यात वळते करावेच लागतात. शिवाय वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्र सरकारचे २०२० चे नियम आहेत. त्यांच्यानुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिलं काढता येत नाहीत. नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसताना तीच तऱ्हा चालू राहिली, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत पैसे भरायला ग्राहक नकार देऊ शकतो.

आपलं बिल कोणत्या जातीचं, हे बिलावरच कळतं. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग पाहा. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘फॉल्टी’ किंवा ‘लॉक’ असा शब्द असेल, किंवा दोन्ही आकडे सारखेच असून वापर मात्र दाखवला असेल, तर बिल अंदाजाचं आहे. मीटरचीही परीक्षा घेता येते. घरात दिवा-पंखा लावूनही बराच वेळ मीटरचा लाल दिवा लुकलुकला नाही आणि आकडा पुढे गेला नाही, तर मीटर बंद असण्याची शक्यता आहे. मात्र मीटरला हात लावू नका, ठोकू नका, सील तोडू नका. छेडछाडीचा संशय आला तर कायद्याची वेगळी कलमं लागतात आणि तिथे दुप्पट दराने आकारणी होते. मीटर बंद दिसताच लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. आपणच आधी कळवलं होतं, याचा तो पुरावा.

“पण बिल सासऱ्यांच्या नावावर, ते तर वारले. माझा अर्ज कोण घेणार?” हा प्रश्न हमखास येतो. २००३ च्या कायद्यातली ग्राहकाची व्याख्या पाहा. ज्याच्या जागेला सध्या वीज जोडलेली आहे, तो माणूसही तिच्यात येतो. त्या घरात राहणारी, वीज वापरणारी बाई ग्राहक आहे. नाव सवडीने बदलून घ्यावंच, पण तक्रार त्यासाठी अडवून ठेवू नका.

दुसरी भीती लाईट कापण्याची. त्याच कायद्याचं कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारं महिन्याचं बिल, यांतली जी कमी ती ‘हरकत नोंदवून’ भरली, की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आधी कंपनीच्या कार्यालयात अर्ज, तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, अशी वाट आहे. मंचापुढे वकील लावलाच पाहिजे असं नाही. आपलं म्हणणं आपण मांडू शकतो.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट ठळक दिसते. एडिसनच्या गिऱ्हाइकाकडे स्वतःचा आकडा नव्हता, म्हणून त्याला कंपनीचं वजन मानावं लागलं. मध्य प्रदेशातल्या त्या बाई आपला वाद कोर्टापर्यंत घेऊन गेल्या, म्हणून विकणाऱ्याच्या एकतर्फी हिशोबाला अडसर बसला. आज नियमाने आपल्याला तीन महिन्यांची मर्यादा आणि बारा महिन्यांची सरासरी दिली आहे. पण ती सरासरी काढायला बारा महिन्यांची बिलं लागतात. आणि आपल्याकडे जुनी बिलं चुलीत जातात, नाहीतर मुलं त्यांची विमानं करतात.

म्हणून एक सुचवते. गटाच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या मीटरचा आकडा लिहून आणावा. हजेरी झाली, बचत जमा झाली, की गटाच्या वहीत शेवटच्या पानावर नाव, तारीख आणि आकडा अशी एक ओळ लिहावी. बिलं दोऱ्यात ओवून कर्जाच्या कागदांशेजारी ठेवावीत. दहा जणींचा गट असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. कर्जाचा हप्ता आपण पैपैने लिहितो, मग विजेचं माप का लिहू नये? उद्या कोणाचं मीटर थांबलं, तर आपला आकडा आपल्याच वहीत सापडेल.