येसकरपाळी आणि आयलूची पाळी

माझ्या आजोबांनी येसकरपाळी केली. हातात घुंगरांची काठी, दारोदार भाकरी मागणे, मढ्याची वर्दी देणे. बदल्यात वतनाचा तुकडा. म्हणून शिकलेल्या पोरांना कुणी ‘गावाकडे परत जा’ म्हटले की मी विचारतो, कोणत्या गावाकडे? हाच प्रश्न मनात ठेवून मी बोलिव्हियातील आयमारा पदवीधरांचा इतिहास वाचला.

आयमारा हे आंदिजच्या पठारावरचे मूळ रहिवासी, शेतकरी. त्यांच्या गावसमाजाला आयलू म्हणतात. जमीन आयलूची, कुटुंब ती कसते आणि गावप्रमुखपदासह सामायिक कामे पाळीपाळीने करते. १८७४ च्या कायद्याने ही सामायिक मालकी मोडायला काढली. जमीनदारांच्या इस्टेटी फुगल्या, आयमारा वेठीला लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी सान्तोस मार्का तुला हा आयलूंचा पुढारी जमिनीचे जुने वसाहतकालीन कागद शोधत हिंडला, तुरुंगात गेला. त्याला लिहितावाचता येत नव्हते. १९५३ मध्ये जमीनसुधारणा आली, खेड्यांत शाळा वाढल्या; पण शाळेची भाषा स्पॅनिश राहिली.

१९८३ मध्ये ला पाझच्या सान आंद्रेस विद्यापीठातील आयमारा विद्यार्थ्यांनी, अध्यापिका सिल्व्हिया रिवेरा कुसिकांकी यांच्यासह, मौखिक इतिहासाची कार्यशाळा काढली. ही पोरे गावी गेली ती कुणाचा उद्धार करायला नव्हे, म्हाताऱ्यांचे ऐकायला. मार्का तुलाचा लढा त्यांनी गोळा केला, छापला, आयमारा भाषेत रेडिओवरून ऐकवला. पुढे आयलूंच्या पुनर्बांधणीतही ही मंडळी उभी राहिली. शहरात राहणारे कितीतरी आयमारा आजही पेरणी-काढणीला गावी जातात, पाळी आली की पद सांभाळतात. यात माया आहेच. पण नियमही आहे. पाळी चुकवली तर जमिनीवरचा हक्क डळमळतो.

आपल्याकडचा वतन कायदाही १८७४ चाच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्यावर दुरुस्ती विधेयक आणले, ते सेवा आणि जमीन यांची ही गाठ सोडवण्यासाठी. मग तिथे जो आधार, तो इथे फास का झाला? आयलूची पाळी घराघरावर फिरते आणि मान देऊन जाते. येसकरपाळी एकाच जातीत फिरली आणि मान घेऊन गेली. आयलू त्यांचे आहे. गाव आपले कधीच नव्हते.

म्हणून आपल्या पदवीधराने परतायचे ते गावकीकडे नव्हे, वस्तीकडे. गायरान कसणाऱ्या म्हातारीला सातबारा वाचून दाखवायला. आणि ती काय सांगते, ते लिहून घ्यायला.