'हरिश्चंद्राची फॅक्टरी' : फाळके यांचे घर आणि त्यांचा पहिला चित्रपट

भारतीय चित्रपटाच्या प्रारंभाचा इतिहास लिहिताना दादासाहेब फाळके यांच्या जिद्दीचे वर्णन सर्वत्र आढळते. हे वर्णन करण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. एका बाजूस ध्येयवेडा कलावंत, दुसऱ्या बाजूस संसाराची ओढाताण, आणि या दोहोंमध्ये सापडलेली सहनशील पत्नी, असे ते चित्र असते. कला व संसार ही जणू तराजूची दोन पारडी असून एक खाली गेले की दुसरे वर जावयाचेच, हे त्यात गृहीत धरलेले असते. १९११ ते १९१३ या काळातील घडामोडी बारकाईने पाहिल्या असता हे गृहीत टिकत नाही. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट फाळके यांनी संसार बाजूस सारून केला नाही. तो त्यांनी संसारातूनच केला. त्याचे भांडवल घरातले, कार्यशाळा घरातली, आणि श्रमांचा फार मोठा वाटाही घरातलाच होता. तारखांनी व नटांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात या गृहश्रमांची नोंद मात्र तळटीपेच्याच जागी झालेली दिसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथील शिक्षण, छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, आणि नंतर लोणावळा व दादर येथील मुद्रणव्यवसाय हा त्यांचा पूर्वेतिहास परिचित असल्याने येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवावयाचे की, भागीदारांशी मतभेद होऊन त्यांनी मुद्रणालय सोडले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती, घरात लहान मुले होती आणि नियमित प्राप्ती थांबली होती. त्यांची पहिली पत्नी व अपत्य प्लेगच्या साथीत गेल्यानंतर त्यांचा दुसरा विवाह झाला होता. ही दुसरी पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट गिरगावातील तंबूवजा थिएटरात पाहून फाळके भारावले, तो प्रसंग याच सुमाराचा. दुसरे दिवशी ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. चरित्रकारांनी या गोष्टीकडे पतिप्रेमाचा एक नमुना म्हणून पाहिले आहे. वस्तुतः व्यवसायाच्या दृष्टीने पाहिल्यास तो भागीदाराशी केलेला पहिला विचारविनिमय होता.

भांडवलाचा प्रश्न फाळके यांनी प्रथम विम्याच्या पॉलिसींवर सोडविला. १२,००० रुपयांच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी १०,००० रुपयांचे कर्ज उभे केले व फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तिचा अर्थ मात्र पुरेसा लक्षात घेतला जात नाही. आयुर्विम्याचा पैसा हा कर्त्या पुरुषाच्या पश्चात कुटुंबास मिळावयाचा असतो. 'विमा' हा शब्दच मुळी भय वा धोका या अर्थाच्या फारसी शब्दापासून आलेला आहे. तेव्हा पॉलिसी गहाण पडली याचा अर्थ असा की, संकटकाळासाठी राखून ठेवलेली पत्नीची व मुलांची तरतूद प्रथम चित्रपटात गुंतविली गेली. या व्यवहारात स्वाक्षरी एकाची होती, धोका सर्वांचा होता. पुढे रक्कम अपुरी पडू लागली तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिनेही कर्जाच्या कामी आले.

लंडनमध्ये 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी फाळके यांना साहाय्य केले. वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांना काम पाहावयास मिळाले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्म व छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून ते एप्रिलमध्ये परतले. यांतील शेवटच्या यंत्राविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण घरातील श्रमांचे मोजमाप त्याच्यावरून करता येते.

त्या काळी कच्ची फिल्म कडेला छिद्रे न पाडलेली मिळे. कॅमेऱ्यातून व प्रक्षेपकातून ती सरकावी यासाठी दोन्ही कडांना समान अंतरावर छिद्रे पाडणे आवश्यक होते. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर प्रत्येक चित्राला एका कडेस चार छिद्रे लागतात, आणि एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे फुटामागे दोन्ही कडांची मिळून १२८ छिद्रे झाली. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. त्या हिशेबाने तेवढ्या एका पट्टीवरच पावणेपाच लाखांच्या जवळपास छिद्रे येतात. वाया गेलेली फिल्म व प्रक्षेपणासाठीची वेगळी प्रत यांची गणना यात केलेली नाही. यंत्र असले तरी फिल्म हातानेच नीट बसवून पुढे न्यावी लागे. हे काम काळोख्या खोलीत करावयाचे. छिद्र जरासे सरकले तरी पडद्यावर चित्र थरथरू लागते. हे काम दादरच्या घरात रात्री, दिवसाचा स्वयंपाकपाणी उरकल्यानंतर, सरस्वतीबाई करीत. ते त्यांना फाळके यांनीच शिकविले. फिल्म धुण्याचे व रसायने सिद्ध करण्याचे कामही त्या शिकल्या, आणि उन्हात चित्रण चालू असता प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. आज ज्यांस चित्रपटाच्या तांत्रिक विभागाची कामे म्हणतात त्यांपैकी तीन-चार कामे या एका गृहिणीकडे होती, असे म्हणावयास हरकत नाही.

रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपटही घरीच तयार झाला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची चित्रे महिनाभर नियमितपणे घेत गेल्यावर पडद्यावर ते रोप एका मिनिटात वाढताना दिसले. हा प्रयोग पाहूनच नाडकर्णी या गृहस्थांनी कर्ज देण्याचे मान्य केले. या एक मिनिटाच्या चित्रास महिनाभराचे नियमित दिवस लागले, ही गोष्ट मनोरंजक आहे. घरी राहणाऱ्या माणसालाच असे काम साधते. नोकरीसाठी पहाटे बाहेर पडणाऱ्यास ते कठीण गेले असते.

नोकरी करीत चित्रपट निर्माण करण्याचा दुसरा मार्ग पुढे चाळीस वर्षांनी सत्यजित राय यांनी चोखाळला. त्याच्याशी तुलना केल्यास फाळके यांच्या पद्धतीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. राय कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत नोकरीस होते. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी त्यांनी 'पथेर पांचाली'चे चित्रण सुरू केले ते सुटीच्या दिवशी काम करण्याच्या बेतानेच. त्यांनीही विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले. त्यांच्याही पत्नीचे दागिने गहाण पडले. परंतु राय यांच्या बाबतीत कचेरी, घर व चित्रण ही तीन स्थळे निरनिराळी होती आणि वेळेची वाटणी कॅलेंडरावर करावी लागे. त्यामुळे पैसा संपला की चित्रण थांबे, व बालनटांचे वय वाढून जाईल ही चिंता उरे. बंगाल सरकारच्या साहाय्याने चित्रपट पुरा होऊन तो ऑगस्ट १९५५ मध्ये प्रदर्शित झाला. फाळके यांच्याकडे अशी वाटणी नव्हती. त्यांच्या घरात काम थांबले तरी माणसे तेथेच असत.

हे एकत्र असणे त्या काळच्या मराठी भाषेतही उमटलेले आहे. स्त्रीपुरुष नट मिळेनात, मिळाले तर नातेवाईक आक्षेप घेत, म्हणून फाळके यांनी आपल्या माणसांस सांगून ठेवले की, कोठे काम करता असे कोणी विचारल्यास 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' असे सांगावे. फॅक्टरीतली नोकरी म्हणजे प्रतिष्ठेची, महिन्याच्या पगाराची नोकरी. नाटकात तोंडाला रंग लावणारा मुलगा जावई म्हणून कोणास नको असे. हा शब्द लपविण्यासाठी योजिला हे खरे, तथापि तो खोटा नव्हता. मराठीतील जुना 'कारखाना' हा शब्द येथे आठवतो. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत तोफखाना होता, तसा मुदपाकखानाही होता. स्वयंपाकघर हा तेथे कारखानाच होता. 'मंडळी' या शब्दाचीही तीच कथा आहे. नाटक करणारा समूह तो 'मंडळी', आणि घरातील माणसे, विशेषतः पत्नी, तीही 'मंडळी'. 'कुटुंब' हा शब्दही जुन्या पिढीच्या बोलण्यात सर्रास पत्नीवाचक होता. फाळके यांच्या दादरच्या बंगल्यात हे सारे अर्थ एका छपराखाली नांदत होते. साठ-सत्तर माणसांचे जेवण व कपडे यांची व्यवस्था सरस्वतीबाईंकडे होती, ती फॅक्टरीतील कोणत्या खात्याची समजावयाची?

या ठिकाणी एक विसंगती नजरेत भरते. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके यांना पंधरा रुपये पगारावर घेण्यात आले. पगारी स्वयंपाकी पडद्यावर राणी झाला आणि घरची गृहिणी साऱ्या कंपनीचा बिनपगारी स्वयंपाक करीत राहिली. साळुंके यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात कायम झाले, व ते योग्यच आहे. परंतु पंधरा रुपयांचा आकडा आजही सांगता येतो, कारण तो पगार होता. दुसऱ्या श्रमांचा आकडाच नाही.

थोरला मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. चित्रण चालू असता तो पडून बेशुद्ध झाला आणि रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य त्याच स्थितीत घेण्यात आले, असा एक प्रसंग सांगितला जातो. तो अक्षरशः तसाच घडला असेल वा कौटुंबिक आठवणीत त्याला धार आली असेल. परंतु तो सांगणाऱ्यांना त्यात पित्याची निष्ठा दिसली, मुलाचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. घर आणि कारखाना एक झाल्याचा हाही परिणाम होता, आणि तो गोड म्हणता येत नाही. फाळके यांच्या गौरवासाठी हे झाकून ठेवणे इतिहासलेखनाला शोभणारे नाही.

सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमांनंतर चित्रपट पुरा झाला व ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात प्रेक्षकांपुढे आला. त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड व चित्रशाळा दोन्ही नाशिकला हलविली. हिशेब, भागीदार व हिस्से ही भाषा घरात खऱ्या अर्थाने शिरली ती १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाल्यावर. पैसा आला, पण किती खर्च व किती दिवस यांबाबत आता इतरांस विचारावे लागे. वामन आपटे प्रभृती भागीदारांशी फाळके यांचे पटले नाही. कंपनी सोडून ते काशीस गेले, आणि काही वर्षांनी परत आले. घरात ज्या कामाचा हिशेब कोणी मागत नव्हते त्याच कामाचा आता दरमहा जाब द्यावा लागू लागला, हे या बेबनावाचे एक कारण मानण्यास आधार आहे. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात फाळके यांनी लिहिलेल्या लेखांत आरंभीच्या दिवसांची जी आठवण येते, ती घरगुती उद्योगाचीच आहे.

कंपनीच्या काळातही घराचा ठसा पुसला गेला नाही. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्णाची भूमिका फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. या चित्रपटाच्या आरंभी कथेस सुरुवात होण्यापूर्वी मंदाकिनी स्वतःच प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखविते, आणि मग तिच्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा वेष उमटतो. तो भाग आजही पाहावयास मिळतो.