बहुचर प्रचरण-विश्लेषण

एकाच प्रयोगघटकावर घेतलेल्या अनेक परस्परसंबद्ध मापांचा एकत्र विचार करून, उपचारांमुळे त्यांच्या माध्यांत खरोखर फरक पडला किंवा काय, हे ठरविण्याची सांख्यिकीय पद्धती. रॉनल्ड फिशर यांनी रोथॅमस्टेड येथे रूढ केलेल्या एकचर विश्लेषणाचा हा विस्तार होय. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्ये दोन गटांपुरती, तर सॅम्युएल विल्क्स यांनी १९३२ मध्ये अनेक गटांसाठी कसोटी दिली.

ज्वारीच्या वाणांच्या प्रयोगात प्रत्येक वाफ्यातील दाणा आणि कडबा दोन्ही तोलून घेतले, तर कसदार वाफ्यात दोन्ही वाढलेले व हलक्या वाफ्यात दोन्ही घटलेले आढळतात. म्हणून जो वाण दाणा थोडा अधिक आणि कडबा थोडा कमी देतो, त्याचे वैशिष्ट्य दोन मापे निरनिराळी तपासल्यास जमिनीच्या चढउतारात हरवते, परंतु ती एकत्र तपासताच, फरक जमिनीच्या स्वाभाविक कलाविरुद्ध असल्यामुळे, स्पष्ट उमटते. पद्धतीचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

विल्क्स यांच्या कसोटीत शेषाच्या, म्हणजे उपचारांनी न उलगडलेल्या चढउताराच्या, वर्ग-गुणाकार आव्यूहाच्या निर्धारकास शेष व उपचार या दोहोंच्या आव्यूहांच्या बेरजेच्या निर्धारकाने भागून येणारी विल्क्स-राशी शून्याकडे जितकी झुकेल, तितका उपचारभेद प्रबळ. मापांची संख्या शेषाच्या स्वातंत्र्यमात्रांहून अधिक झाल्यास अंशस्थानचा निर्धारकच शून्य होतो आणि हिशेब खुंटतो.