घरगडी की खेळगडी? मालिकेतल्या मालक-नोकर मैत्रीचा इतिहास

मराठीत 'गडी' हा मोठा गमतीचा शब्द आहे. घरगडी, सालगडी म्हणजे नोकर. खेळगडी म्हणजे मित्र. आणि 'गडी आपला राजी' म्हणताना तो नुसताच माणूस असतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) उघडलात तर नोकर आणि खेळातला जोडीदार हे दोन्ही अर्थ तिथे शेजारी शेजारी बसलेले सापडतील. हाताखालचा माणूस आणि बरोबरीचा माणूस यांच्यासाठी एकच शब्द कसा काय? माझ्या संशोधनातलं एक प्रकरण या प्रश्नाभोवती फिरतं. आज त्याबद्दल सांगतो, कारण पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या तुमच्यापैकी अनेकांना एक शंका हमखास असते: टीव्ही मालिकेवर इतिहासात काम करता येतं का? येतं. फक्त मालिकेला आपण काय विचारतोय ते आधी ठरवावं लागतं.

सुरुवात परदेशी उदाहरणाने करू, कारण तिथे गोष्ट चटकन दिसते. बीबीसीची 'मर्लिन' ही मालिका २००८ ते २०१२ अशी पाच पर्वं चालली. मध्ययुगीन कथांमध्ये मर्लिन हा राजा आर्थरचा वडीलधारा, जादू जाणणारा सल्लागार. मालिकेने त्याला आर्थरच्या वयाचा पोरगा केला आणि चक्क त्याच्या खोलीत नोकर म्हणून ठेवला. बूट पुसायचे, चिलखत चढवायचं, शिव्या खायच्या. राज्यात जादूला मृत्युदंड, त्यामुळे आपली शक्ती लपवूनच तो मालकाचा जीव पुन्हा पुन्हा वाचवतो. आर्थरला खरं कळतं ते अगदी शेवटी, मरणाच्या दारात. म्हणजे मैत्री वाढते ती गुपिताच्या सावलीत, आणि गुपित उघडं पडलं की गोष्टच संपते.

आता हेच आपल्याकडे आणा. झी मराठीवर २०१४ ते २०१७ या काळात 'जय मल्हार' चालली. निर्मिती कोठारे व्हिजनची, खंडोबाच्या भूमिकेत देवदत्त नागे. अनेक घरांत त्या वेळेला जेवणाची ताटं टीव्हीसमोर यायची, हे तुम्हीही पाहिलं असेल. या मालिकेच्या पोटात जुनी कथा आहे: जेजुरीचा धनी खंडोबा चंदनपुरीच्या बाणाईवर भाळतो. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, हरतो (मुद्दामच, असं सांगतात), आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर पडतो. मग वेष पालटून बाणाईच्या धनगरवाड्यावर मेंढ्या राखायला चाकर म्हणून राहतो. सगळ्या जगाचा मालक, आणि इथे मेंढ्या हाकतोय.

याला 'फॅन्टसी' म्हणायचं का, असा प्रश्न गाईड विचारणारच. म्हणा, पण जपून. पडद्यावरच्या रीतीला (वेषांतर, चमत्कार, संगणकावर केलेलं आकाश) फॅन्टसी म्हणता येईल, लोकांच्या श्रद्धेला नाही. आमच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात एखाद्या मोठ्या देवळाची प्रतिकृती उभी राहते. आतला खांब दगडाचा नाही हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी हात जोडले जातातच. मालिका बघणारा माणूसही असाच दोन्ही गोष्टी एकदम जाणतो. तुमच्या लिखाणात त्याला भोळा ठरवू नका.

माझा मुद्दा त्या बारा वर्षांचा आहे.

जुन्या कथांमध्ये 'बारा वर्षं' एका ओळीत संपतात. देवाने बारा वर्षं चाकरी केली, की लगेच पुढचा चमत्कार. तो एक ठरलेला आकडा आहे, वनवासाचा, तपाचा, एका 'तपा'चा. पण रोज रात्री अर्धा तास भरायचा असलेल्या मालिकेला ती एक ओळ पुरत नाही. तिला मेंढ्या चरायला नेणं दाखवावं लागतं, भाकरी कोण वाढतं ते दाखवावं लागतं, रुसवा, थट्टा, पावसात भिजणं दाखवावं लागतं. पोथीने जे गाळलं तेच मालिका भरते. आणि त्या भरलेल्या जागेतच मालक आणि चाकर यांच्यात काहीतरी माणसासारखं उगवतं. मालिकेतली मैत्री ही अशी वेळापत्रकातून आलेली आहे, हे म्हणायला जरा रुक्ष वाटतं, पण माझ्या मते ते खरं आहे. 'पाणी घालून वाढवलं' अशी तक्रार आपण मालिकांबद्दल करतो ना, त्या पाण्यातच हे पीक येतं.

मालिकेच्या आधी ही जागा कुणीच भरली नव्हती असं मात्र समजू नका. वाघ्या-मुरळीच्या जागरणात आणि धनगरांच्या ओव्यांत बाणाईची कथा रात्रभर रंगते. संस्कृत 'मल्हारी माहात्म्या'चा भर मणी-मल्ल दैत्यांच्या वधावर आहे, बाणाईचं प्रकरण वाढलं ते मुख्यतः तोंडी परंपरेत. रा. चिं. ढेरे यांचं 'खंडोबा' (१९६१) आणि गुंथर सोन्थायमर यांचं धनगरांवरचं काम ही दोन वाचल्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नका. ठाण्यात राहत असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं, टेंभी नाक्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर. पीडीएफच्या जमान्यातही कपाटासमोर उभं राहून शेजारचं पुस्तक दिसण्याची सोय तिथेच मिळते.

आता दुसरी कथा, कारण एका उदाहरणावर प्रबंध उभा राहत नाही. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीकृष्ण 'श्रीखंड्या' नावाने बारा वर्षं राबला. गोदावरीचं पाणी कावडीने आणलं, पूजेचं चंदन उगाळलं. नाथांना कल्पना नाही. मग द्वारकेहून एक भक्त देवाला शोधत येतो, श्रीखंड्याची चौकशी करतो, आणि तोवर श्रीखंड्या नाहीसा. नाथषष्ठीला त्या रांजणात पाणी भरण्याची प्रथा पैठणला आजही आहे.

इथे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थांबायचं आणि तारीख विचारायची. एकनाथांचं निर्वाण १५९९ चं. संतांच्या या कथा घरोघरी पोचवल्या त्या महिपतींनी, 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) या ग्रंथांतून. मधे दीडशेहून जास्त वर्षं. म्हणजे महिपतींचं कथन वाचताना आपण सोळाव्या शतकातलं पैठण जेवढं वाचतो, तेवढंच अठराव्या शतकातलं ताहराबादही वाचत असतो. आणि महिपती स्वतः कोण? गावचे कुलकर्णी. त्यांच्याबद्दल सांगतात ते असं: पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला, त्यांना उठून जावं लागलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी चाकरीची लेखणी कायमची ठेवली. आख्यायिकाच आहे ही, पुरावा म्हणून वापरू नका. पण चाकरी सोडणारा माणूस देवाच्या चाकरीच्या कथा आवडीने सांगतो, असं त्या काळाने आपल्या कवीबद्दल लक्षात ठेवलं, ही गोष्ट मात्र पुराव्यासारखी वापरता येते.

त्याच अठराव्या शतकातले दुसरे कागदही पाहा. पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे दासी म्हणून राबणाऱ्या बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. वेठबिगार होती. गावोगाव कीर्तनात श्रीखंड्याची कावड ऐकून डोळे पुसणाऱ्या घरांपैकी काहींच्या परसात विकत घेतलेली बाई भांडी घासत असेल. ती दोघं एकाच चित्रात कशी बसवायची? माझ्या प्रकरणातला सगळा ताण इथे आहे, आणि खरं सांगायचं तर रात्रीची झोपही इथेच जाते.

कारण नीट बघा. मर्लिन, खंडोबा, श्रीखंड्या, तिघंही खरे नोकर नाहीत. तिघांकडे मालकापेक्षा मोठी ताकद आहे आणि ती लपवलेली आहे. प्रेक्षकाला ती माहीत असते, मालकाला नसते. आपल्याला मैत्री गोड वाटते ती त्यामुळेच: अपमान सहन करणारा माणूस मनात आणलं तर क्षणात सगळं उलटवू शकतो, पण प्रेमापोटी उलटवत नाही. ज्याच्याकडे असं काही गुपित नाही, जो नुसताच राबतोय, त्याच्याशी मालकाची मैत्री होते का? हा प्रश्न घेऊन मालिका पुन्हा पाहिल्या तर वेगळंच पात्र पुढे येतं.

ते पात्र म्हणजे हेगडी प्रधान. खंडोबाचा प्रधान, सोबती, आणि कधी कधी बाणाईचा भाऊ. कथेप्रमाणे जात आणि नातं बदलतं. 'हेगडी' हा शब्दच कानडी 'हेग्गडे'मधून आलेला, म्हणजे गावचा किंवा प्रदेशाचा प्रमुख. देव कर्नाटकात मैलार म्हणून पुजला जातो, त्याची ही खूण. हेगडी वेष पालटत नाही. तो धन्याचा धाक बाळगून धन्याला चार गोष्टी सुनावतो. हे आपल्याला ओळखीचं वाटतं, कारण तमाशाच्या वगातले राजा, प्रधान आणि हवालदार आपल्या अंगात मुरलेत. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडकेंचा हवालदार राजसत्तेची रेवडी उडवायचा ती याच परवान्यावर. नोकराला बोलायची मुभा आहे, पण विनोद म्हणून. मालिकांतले विनोदी सेवक या घराण्यातले. त्यावर वेगळं लिहीन, इथे जागा नाही.

आता पद्धतीबद्दल थोडं, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. कुठलाही एक भाग निवडा आणि संवाद उतरवून घ्या. मग फक्त सर्वनामं रंगवा: कोण कुणाला 'तू' म्हणतं, कोण 'तुम्ही', कोण 'आपण', आणि कोण नावच टाळून 'धनी', 'मालक', 'देवा' म्हणतं. चारचौघांत काय आणि एकांतात काय, हे वेगळ्या रकान्यात. मालक-नोकराची मैत्री वाढतेय असं आपण मोघम म्हणतो. मराठीत ती क्रियापदाच्या शेपटीवर मोजता येते. 'या' चं 'ये' कधी झालं? फक्त एका बाजूने झालं की दोन्ही? इंग्रजी 'मर्लिन'वर काम करणाऱ्याला ही सोय नाही, तिथे सगळ्यांना एकच सर्वनाम. आणि एक गुंता ध्यानात ठेवा: भक्तीच्या भाषेत देवाला 'तू'च म्हणतात. जनाबाई विठ्ठलाला 'तू' म्हणते, भांडतेही. त्यामुळे देवाला 'तू' म्हणणारा सेवक बरोबरीचा झाला असं लगेच लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतील.

दुसरं काम म्हणजे गुपिताविना असलेला नोकर शोधणं. 'भक्तविजया'त दामाजीपंतांची कथा आहे. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली आणि त्याची भरपाई करायला स्वतः विठ्ठल विठू महार होऊन बेदरच्या दरबारात गेला. देवाने धरलेलं हे सगळ्यात खालच्या सेवकाचं रूप. जोहार करणारा, घोंगडी-काठीवाला गावचा महार. प्रेक्षकांना आजही हा प्रसंग रडवतो. आणि चोखामेळा? तो वेष घेतलेला नव्हता. त्याची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, बाहेर. तिथल्या देवळाचं दार त्याच्या लोकांसाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. देवाला महार होता आलं, महाराला आत जाता आलं नाही, आणि या दोन गोष्टी एकाच दारापाशी शतकानुशतकं नांदल्या. मालिकेत विठू महाराचा भाग आला की मी आता चौकटीच्या कडेला कोण उभं आहे ते बघतो. बहुतेक वेळा भालदार असतात, नाव नसलेले.

खंडोबाच्या बाबतीत कडेला उभं असलेलं माणूस म्हणजे मुरळी. देवाला वाहिलेली मुलगी. तिच्या वाट्याला आलेलं शोषण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून उघड्यावर मांडलं. बाणाईसाठी चाकर झालेल्या देवाची गाणी म्हणायची तीच, आणि तिची स्वतःची चाकरी मात्र कुठल्याच वेषाआड लपलेली नव्हती.

जेजुरीला गेलात तर पायऱ्या चढताना घाई करू नका. बाणाईचं देऊळ गडावर नाही, अर्ध्या वाटेवर आहे. हेगडी प्रधानाचं ठाणंही वाटेवरच. वर धनी आणि म्हाळसा.