एक सनद, दोन राज्ये आणि रामपायली

नुकताच वकील झालेला आमच्या शेजारचा मुलगा परवा विचारत होता, "काका, अमेरिकेत वकील न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी अशा दोन राज्यांचे परवाने घेतात. आपल्याकडे दोन राज्यांची सनद मिळते का?"

मिळत नाही. 1961 च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे नाव एकाच राज्याच्या वकील परिषदेच्या यादीत राहते. राज्य बदलायचे तर ते दुसऱ्या यादीत हलवून घ्यावे लागते. पण हे सांगताना मला रामपायली आठवली.

रामपायली हे बालाघाट जिल्ह्यात वारासिवनीजवळचे, राममंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. हा जिल्हा इंग्रजांनी 1867 मध्ये केला, तेव्हा त्यात भंडाऱ्याचाही काही भाग घातला. दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. जानेवारी 1936 मध्ये तिथे उच्च न्यायालय आले. रामपायलीचे भांडण असो की तुमसरचे, उच्च न्यायालयात जायचे म्हणजे नागपूरलाच जायचे!

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. भाषावार प्रांतरचनेत भंडारा विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. नव्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपूरला झाले आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला जबलपूरचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. न्यायाधीश गेले, वकिलांनाही बिऱ्हाड हलवता आले. पण शेतकऱ्याने शेत कुठे हलवायचे? शेत तिथेच राहिले, त्याचे न्यायालय मात्र बदलले.

पुढे कायदेही वेगळे झाले. मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता 1959 ची, महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता 1966 ची. तुमसरला सातबारा मागायचा, रामपायलीला खसरा. खालच्या कोर्टाचे कामकाज इकडे मराठीत, तिकडे हिंदीत. ज्या घराची सोयरीक आणि जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना, त्याला वकील कुठला करावा हाच पहिला प्रश्न.

देशभर वकिली करण्याचा हक्क देणारे कलम 30 मूळ कायद्यातच होते, पण ते अमलात यायला 15 जून 2011 उजाडावा लागला. पन्नास वर्षे! तरीही उच्च न्यायालये आपापले नियम करू शकतात. बाहेरच्या वकिलाने स्थानिक वकील सोबत घ्यावा, हा अलाहाबादचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये वैध ठरवला.

आम्हा गोंयकारांचे नेमके उलटे. 1982 पासून गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ आहे आणि 1987 मध्ये वेगळे राज्य होऊनही वकील परिषद महाराष्ट्राबरोबर एकत्रच राहिली. पण दिवाणी कायदा पोर्तुगीजांचा, तोही नेमका 1867 चा! म्हणजे सावंतवाडीच्या वकिलाला पेडण्यात उभे राहायला सनदेची अडचण नाही. पण नवराबायकोची मालमत्ता इथे वेगळा करार नसेल तर सामाईक असते, हे ठाऊक नसेल तर त्याच्या अशिलाचे घर बुडाले म्हणून समजा.

म्हणून त्या मुलाला म्हटले, "सनद एकच पुरते रे. पण अशील आला की आधी विचार, जमीन कुठल्या गावची? आणि त्या गावचा कायदा वाचल्याशिवाय त्याच्याकडून एक रुपया घेऊ नकोस."