आपणच उघडलेले दार

घरात शिरलेला परका मनुष्य भिंत फोडून आत आला, की यजमानानेच त्याला दार उघडून दिले, यावर त्याच्या बंदोबस्ताची रीत ठरत असते. घरगुती संगणकात शिरणाऱ्या नकोशा सॉफ्टवेअरचा इतिहास अवघ्या चाळीस वर्षांचा आहे. पण या अल्प काळात भिंत फोडणारा चोर हळूहळू दारातून येणारा पाहुणा कसा बनला, हे पाहण्यासारखे आहे.

इ. स. १९८६ मध्ये लाहोर येथील बासित आणि अमजद या अलवी बंधूंनी 'ब्रेन' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. फ्लॉपीच्या ज्या भागापासून संगणक आपले काम सुरू करतो, नेमका त्याच भागात तो ठाण मांडून बसे आणि तेथून दुसऱ्या फ्लॉपीवर जाई. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला होऊ नयेत, एवढाच आपला हेतू होता, असे या बंधूंचे सांगणे. विशेष म्हणजे आपली नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही त्यांनी त्यात नमूद केले होते. पुढे इ. स. १९९१ मध्ये 'मायकेलअँजेलो' हा व्हायरस आढळला. त्या थोर चित्रकाराच्या जन्मदिनी, म्हणजे ६ मार्च रोजी, तो संगणकातील माहिती पुसून टाकी. इ. स. १९९२ चा तो दिवस उजाडण्यापूर्वी जगभर मोठी घबराट उडाली. प्रत्यक्षात हानी भाकितापेक्षा पुष्कळच कमी झाली. तथापि फ्लॉपी कोणाकडून आली हे विचारावयास लोक शिकले.

याच सुमारास पुण्यात एक वेगळा उद्योग आकार घेत होता. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर हे शालेय शिक्षणानंतर कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामास लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा ते काढून टाकणारे प्रोग्राम संजय यांनी लिहिले. इ. स. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' स्थापन झाली आणि १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आले. कंपनीनेही इ. स. २००७ मध्ये हेच नाव धारण केले. मराठी मुलखातील दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानातून हा उद्योग उभा राहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंटरनेट घरोघर पोहोचल्यावर मात्र शत्रूचे रूप पालटले. आता त्याला चोरून येण्याचे कारण उरले नाही. एखादा फुकटचा, उपयुक्त प्रोग्राम उतरवून घेताना त्याच्या पाठीशी दुसरा एखादा जाहिरातींचा टूलबार बांधलेला असे. संमतीच्या चौकटीत खूण आधीच केलेली असे. वापरणाऱ्याने 'पुढे' एवढेच दाबावयाचे. अशा प्रत्येक यशस्वी प्रवेशामागे वितरकाला पैसे मिळत, हे या व्यापाराचे मर्म होय. इ. स. २००५ मध्ये तर सोनी बीएमजी या कंपनीने विकलेल्या संगीताच्या काही तबकड्या संगणकात स्वतःला लपवून ठेवणारे सॉफ्टवेअर बसवीत असल्याचे उघडकीस आले. गिऱ्हाईक पैसे देऊन गाणी घेत होते आणि न मागितलेले ओझे घरी नेत होते! इ. स. २०११ मध्ये 'डाउनलोड डॉट कॉम' या नामांकित वितरकाने 'एनमॅप' हा मोफत प्रोग्राम टूलबारसकट बांधून दिला, तेव्हा त्याच्या कर्त्यानेच जाहीर तक्रार केली.

भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. मालकाच्या परवानगीविना त्याच्या संगणकात व्हायरस किंवा तत्सम दूषित प्रोग्राम घालणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते, असे त्याचे ४३ वे कलम सांगते. परंतु 'परवानगीविना' या एका शब्दातच सारी गोम आहे. बटण दाबले, म्हणजे परवानगी दिली काय? तेलंगणातील बेज्जूर आणि प्राणहितेपलीकडील गडचिरोली या पट्ट्यात तेलुगू, मराठी आणि गोंडी बोलणारी माणसे शेजारीशेजारी नांदतात. तेथील एखाद्या घरी इंग्रजी करारनाम्याची दहा पाने समोर येतात आणि खाली 'मान्य' हे एकच बटण असते. न समजलेल्या भाषेत दिलेला होकार हा नावापुरताच होकार होय.

असा पाहुणा घरात आलाच, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. प्रथम इंटरनेटचा संबंध तोडावा. मग बसविलेल्या प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावून, त्या दिवशी कोणकोण आत आले हे पाहावे आणि अनोळखी नावे रीतसर काढून टाकावीत. ब्राउझरला जोडलेली उपांगे आणि बदललेले मुखपृष्ठही तपासावे. त्यानंतर विश्वासू अँटिव्हायरसने संपूर्ण संगणक धुंडाळावा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ने याकामी मोफत साधने उपलब्ध करून दिली. बँकेचे व पत्रव्यवहाराचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. घरची कागदपत्रे व छायाचित्रे यांची एक प्रत संगणकाबाहेर ठेवण्याची सवय मात्र संकट येण्यापूर्वीच लावून घ्यावी लागते.

याहून मोठा धोका घरातच असतो. चुकीचे बटण दाबणारा मुलगा वडिलांच्या रागाच्या भीतीने गप्प राहतो. वडील मुलांपुढे अज्ञान उघडे पडेल म्हणून गप्प राहतात. आणि या मौनाच्या आडोशाने तो पाहुणा महिनोन् महिने घरात नांदतो. जी फसवणूक करण्यासाठी जाणत्या व्यापाऱ्यांनी एवढे कौशल्य वेचले, तिला बळी पडणे हा घरच्या माणसाचा अपराध नव्हे. दार आपण उघडले, हे घरच्यांपाशी मोकळेपणाने सांगता आले, की ते लावून घेणेही फारसे अवघड राहत नाही.